चित्रं जिथल्या तिथे

पिसाच्या कलत्या मनोऱ्यापाशी मराठी सहलींच्या बसगाड्या तास-दोन तास थांबतात. मनोऱ्याला हाताचा टेकू दिल्याचा फोटो निघतो, फ्रिजवर लावायच्या चुंबकांची खरेदी होते आणि बस फ्लॉरेन्सच्या वाटेला लागते. त्याच हिरवळीच्या उत्तरेला पांढऱ्या संगमरवराची लांबलचक, बिनखिडक्यांची भिंत आहे. तिच्यामागे काम्पोसान्तो, म्हणजे पिसाकरांची जुनी दफनभूमी. तिथल्या ओवरीत बुओनामिको बुफ्फाल्माक्को या चित्रकाराने १३३६ च्या आसपास 'मृत्यूचा विजय' रंगवला. शिकारीला निघालेली उमरावांची टोळी तीन उघड्या शवपेट्यांपाशी येऊन थबकते. एकीतलं प्रेत फुगलेलं, दुसरीतलं सडलेलं, तिसरीत नुसती हाडं. एका स्वाराने नाक दाबलंय. एक घोडा मान पुढे काढून हुंगतोय. २७ जुलै १९४४ रोजी महायुद्धातल्या तोफगोळ्याने या ओवरीचं लाकडी छप्पर पेटलं, छपरावरचं शिसं वितळून चित्रांवर ओघळलं. उरलेली चित्रं भिंतीवरून सोलून काढावी लागली. 'मृत्यूचा विजय' आपल्या मूळ भिंतीवर परतायला २०१८ साल उजाडलं.

मनोरा पाहिला आणि हे राहिलं, याला दरवेळी अपुरा वेळच कारण असतो असं नाही. काम्पोसान्तोत शिरलेले कित्येक जण ओवरीतून झपाझप चालत दुसऱ्या टोकाला बाहेर पडतात. भिंतीवर इतकी माणसं, इतके पंख, इतके सैतान. सुरुवात करायची कुठून? मराठीत युरोपच्या प्रवासवर्णनांना तोटा नाही. त्यांत थंडी आहे, माणसं आहेत, जेवणाचे हाल आहेत. चर्चची पाळी आली की मात्र 'भव्य', 'अप्रतिम', 'डोळ्यांचं पारणं फिटलं' एवढ्यावर बहुधा आटोपतं. मध्ययुगीन चर्च पाहायचं कसं, हे सांगणाऱ्या मराठी पुस्तकाची उणीव प्रस्तुत पुस्तक भरून काढतं.

पुस्तकाचा आग्रह साधा आहे. चर्चमधलं चित्र हा चर्चचा अवयव आहे. ते कोणत्या भिंतीवर, किती उंचीवर आहे, त्यावर उजेड कुठल्या खिडकीतून पडतो, त्याच्यासमोर कोण उभं राहायचं आणि कोणाला तिथवर जायची मुभाच नव्हती, हे ध्यानात घेतल्याखेरीज त्याचा अर्थ अर्धाच लागतो. संग्रहालयात चित्राला माणसाच्या डोळ्यांपुढे आणलेलं असतं. चर्चमध्ये माणसाला चित्राकडे जावं लागतं, मान वाकडी करावी लागते, अंधाराला डोळे सरावेपर्यंत थांबावं लागतं.

या परंपरेचा पट सुमारे हजार वर्षांचा आहे. आरंभीचा मोठा टप्पा मोझॅकचा. रावेन्नाच्या सान व्हिताले या चर्चमध्ये, जे ५४७ साली उपासनेसाठी खुलं झालं, वेदीच्या दोन बाजूंना सम्राट जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोरा समोरासमोर उभे आहेत. सम्राटाने रावेन्नात कधी पाऊल ठेवलं नाही. पण भिंतीवर तो सोन्याचं तबक घेऊन रोजच्या उपासनेला हजर. काचेच्या चौकोनी तुकड्यांत सोन्याचा वर्ख घातलेला असतो आणि ते तुकडे मुद्दाम थोडे तिरपे बसवलेले असतात, त्यामुळे बघणारा हलला की भिंतही लुकलुकते. फोटोत हे सपाट होऊन जातं. कॉन्स्टँटिनोपलकडून आलेली ही बायझंटाइन परंपरा इटलीत पुढे शतकानुशतकं टिकली. सिसिलीतल्या मोनरेआलेच्या भिंती बाराव्या शतकातही अशाच सोन्याने मढवल्या गेल्या.

आल्प्सच्या पलीकडे अकराव्या-बाराव्या शतकात दगड बोलू लागला. जाड भिंती, अर्धगोल कमानी, लहान खिडक्या यांची ही रोमनेस्क शैली. तिचं सगळं नाट्य दरवाजावर असतं. फ्रान्समधल्या ओतँ इथल्या चर्चच्या दारावर शेवटच्या न्यायनिवाड्याचं शिल्प आहे. त्यात नुसतेच दोन राक्षसी पंजे वरून येऊन एका जिवाची मुंडी पकडतात, पंजांचा मालक दिसतच नाही. १७६६ मध्ये तिथल्याच धर्मगुरूंना हे शिल्प रांगडं वाटलं आणि त्यांनी त्यावर गिलावा लिंपला. गिलाव्याच्या आड येत होतं म्हणून ख्रिस्ताचं डोकंही उडवलं. गंमत अशी, की या लिंपणामुळेच पुढे फ्रेंच क्रांतीच्या तोडफोडीतून ते वाचलं आणि १८३७ मध्ये पुन्हा उजेडात आलं.

मग गॉथिक. पॅरिसजवळच्या सँ-देनी मठाचा प्रमुख स्युजे याने ११४४ मध्ये वेदीमागचा नवा भाग उघडला, आणि टोकदार कमानी व फासळ्यांच्या छतामुळे भिंतीचा भार खांबांवर सोपवता येतो हे दिसलं. भिंत मोकळी झाली, तिथे काच आली. ११९४ च्या आगीनंतर उभ्या राहिलेल्या शार्त्रच्या कॅथीड्रलमध्ये रंगीत काचांच्या खिडक्यांत बायबलच्या कथांखाली पाववाले, चांभार, कातडीचे व्यापारी आपापल्या दुकानात काम करताना दिसतात. इटलीने मात्र गॉथिकची कमान उचलली आणि भिंत सोडली नाही. ऊन रणरणीत, काचेच्या भिंतींची गरज काय? शाबूत राहिलेल्या त्या भिंतींवरच इटालियन चित्रकला घडली, आणि पुस्तकाचा मुक्कामही मुख्यतः तिथेच आहे.

त्यातही असिसी. तिथला साधू फ्रान्सिस ३ ऑक्टोबर १२२६ रोजी वारला. दोन वर्षांच्या आत, १६ जुलै १२२८ रोजी, पोप नवव्या ग्रेगरीने त्याला संतपद दिलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या स्मारक-चर्चची कोनशिला बसवली. ज्याने गरिबीलाच आपली नवरी मानलं, त्याच्या थडग्यावर एवढा थाट कशाला, हा प्रश्न त्याच्या जवळच्या सोबत्यांनाही छळत होता. उत्तर व्यवहाराचं होतं: यात्रेकरू लोटणार होते आणि रोमला हा संत आपल्या पंखाखाली हवा होता. डोंगराच्या उतारावर एकावर एक अशी दोन चर्चेस उभी राहिली. खालचं बुटकं, अंधारं, थडग्याकडे नेणारं. वरचं उंच, उजेडाचं.

खालच्या चर्चमध्ये पिएत्रो लोरेन्झेत्तीने रंगवलेलं 'शेवटचं भोजन' आहे. सगळे बघतात ख्रिस्ताकडे आणि शिष्यांकडे. चित्राच्या डाव्या कडेला एक अरुंद स्वयंपाकघर आहे, तिकडे क्वचितच कोणाची नजर जाते. तिथे चूल पेटलीय, नोकर ताटं पुसतोय, कुत्रा उष्टं ताट चाटतोय आणि मांजर शेकत झोपलंय. बाहेर आकाशात चंद्र-चांदण्या. मानवजातीच्या इतिहासाला वळण देणारी रात्र चालू आहे आणि शेजारच्या खोलीत भांडी घासणं चुकलेलं नाही. त्याच बाजूला याच चित्रकाराची मेरी, बाळ आणि दोन संत आहेत. मेरी बाळाशी बोलता बोलता अंगठ्याने फ्रान्सिसकडे खूण करते. या चित्राला 'मावळतीची माता' म्हणतात, कारण दिवस कलताना समोरच्या खिडकीतली उन्हं तिच्यावर येतात. सकाळी अकराला आलेल्या गटाला हे नाव का पडलं ते कळणं अशक्य.

वरच्या चर्चमध्ये फ्रान्सिसच्या चरित्रातले २८ प्रसंग आहेत. मुख्य दारातून आत येणारा साहजिकच दाराशेजारच्या चित्रापासून पाहायला लागतो आणि गोंधळतो. पहिला प्रसंग वेदीजवळ, उजव्या भिंतीवर आहे. तिथून दाराकडे यायचं, दाराच्या दोन बाजूंची चित्रं पाहायची आणि डाव्या भिंतीने पुन्हा वेदीकडे जायचं. म्हणजे प्रदक्षिणेचीच दिशा. तेरावा प्रसंग ग्रेच्चोचा: १२२३ च्या नाताळात फ्रान्सिसने तिथे गव्हाण, बैल आणि गाढव आणून ख्रिस्तजन्माचा देखावा मांडला. घरोघरी, चर्चोचर्ची सजणाऱ्या नाताळच्या गोठ्याला याच प्रसंगाने चालना दिली. चित्रकाराने हा प्रसंग वेदीच्या बाजूने दाखवला आहे. लोकांकडे तोंड करून टांगलेला क्रूस इथे पाठमोरा दिसतो, त्याच्या फळ्यांना मागून ठोकलेल्या आडव्या पट्ट्यांसकट. साधू गाताहेत, त्यांचे आ वासलेले जबडे दिसतात. आणि मधल्या दारात बायका दाटीवाटीने उभ्या आहेत, कारण वेदीच्या आतल्या भागात त्यांना प्रवेश नव्हता. पाठमोरा क्रूस हे साधं निरीक्षण वाटतं. पण त्याआधीच्या चित्रकारांना पवित्र वस्तूची मागची बाजू दाखवावीशी वाटली नव्हती.

ही चित्रं कोणाची? जॉत्तो या चित्रकाराची, असं परंपरा सांगते. गेली शंभरहून अधिक वर्षं यावर वाद चालू आहे. १९१२ मध्ये रिंटेलेन या जर्मन अभ्यासकाने ती जॉत्तोची मानायला नकार दिला, १९३९ मध्ये रिचर्ड ऑफनरने पादुआतल्या जॉत्तोच्या चित्रांशी एकेक तपशील ताडून पाहून त्याला दुजोरा दिला. बहुतेक इटालियन विद्वान अजूनही जॉत्तोच्या बाजूने उभे राहतात. पुस्तक हा निकाल लावत नाही, आणि तेच शहाणपणाचं आहे.

या वादाच्या निमित्ताने अभ्यासाच्या पद्धतींचाही इतिहास समोर येतो. १५५० मध्ये वसारीने चित्रकारांची चरित्रं लिहिली आणि 'आधी अंधार, मग जॉत्तो, मग प्रकाश' ही गोष्ट रूढ केली. पर्यटकांचे वाटाडे अजून तीच सांगतात. एकोणिसाव्या शतकात कावाल्कासेल्ले खेड्यापाड्यांतली चर्चेस पालथी घालत रेखाटनं करत हिंडला. वैद्यकाचं शिक्षण घेतलेल्या मोरेल्लीने चित्रातल्या कानांच्या पाळ्या आणि नखं पाहून चित्रकार ओळखायची पद्धत काढली. एमिल माल याने १८९८ मध्ये तेराव्या शतकातल्या फ्रेंच चर्चेसमधल्या प्रतिमांचे अर्थ धर्मग्रंथांच्या आधारे उलगडले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रश्नच बदलला. मायकेल बॅक्संडॉल आणि हान्स बेल्टिंग यांनी विचारलं, की ज्यांच्यासाठी चित्र केलं ती माणसं ते कसं पाहत होती आणि त्याच्यापुढे काय करत होती? प्रस्तुत पुस्तकाचं गोत्र याच शाखेचं आहे, जरी त्याने कोणाच्या सिद्धान्ताचं ओझं वाचकाच्या डोक्यावर ठेवलेलं नाही.

आणखी एक शाखा परांचीवर चढून घडली. अस्सल फ्रेस्को ओल्या चुन्यावर रंगवतात. चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगडासारखा होतो आणि रंग त्यात अडकून बसतो. म्हणून एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा सकाळी करायचा. या दिवसांच्या तुकड्यांचे सांधे जवळून दिसतात. तोंडाला एक दिवस, आकाशाला एक दिवस. लेओनेत्तो तिंतोरी आणि मिलर्ड मीस यांनी १९६२ मध्ये असिसीच्या भिंतीवरचे हे सांधे मोजून कामाचा क्रमच मांडला. चुन्याला न मानवणारे रंग मात्र दगा देतात. वरच्या चर्चमध्येच चिमाब्वे या चित्रकाराचं 'क्रूसारोहण' आहे. त्यातला शिशाचा पांढरा रंग काळा पडला, आणि आज ते चित्र जुन्या फोटोच्या निगेटिव्हसारखं दिसतं. चिमाब्वेचा आक्रोश त्याही अवस्थेत पोचतो, हे वेगळं.

मराठी वाचकाला इथे अजिंठा आठवणारच. तिथलं तंत्र वेगळं: मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि कोरड्या पृष्ठभागावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग. हा फरक महागात पडला आहे. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना अजिंठ्याला बोलावलं. सुटत चाललेला गिलावा त्यांनी पक्का केला ही मोठीच कामगिरी. पण चित्रांवर दिलेला लाखेचा थर पुढे पिवळा पडत गेला आणि तो उतरवण्यात पुरातत्त्व खात्याची वर्षानुवर्षं गेली.

महाराष्ट्राशी दुसरा धागा याहून जुना आणि कमी ठाऊक आहे. १३२१ च्या एप्रिलमध्ये चीनकडे निघालेले फ्रान्सिसच्या पंथाचे, म्हणजे फ्रान्सिस्कन, चार साधू ठाण्यात मारले गेले. त्यांतला एक, पिएत्रो, सिएनाचा. ओदोरिक नावाच्या दुसऱ्या फ्रान्सिस्कनाने काही वर्षांत ठाण्याला येऊन त्यांच्या अस्थी गोळा केल्या आणि त्या चीनला नेल्या. सिएनाच्या सान फ्रान्चेस्को चर्चमध्ये पिएत्रो लोरेन्झेत्तीचा भाऊ आम्ब्रोज्यो याने रंगवलेलं फ्रान्सिस्कनांच्या हौतात्म्याचं चित्र आहे. काही साधू गुडघे टेकून बसलेत, काहींची मुंडकी जमिनीवर पडलीत, आणि सिंहासनाभोवती आशियाई चेहऱ्यांची माणसं हा प्रकार पाहताहेत. हा प्रसंग ठाण्याचा, असं काही अभ्यासक म्हणतात. उत्तर आफ्रिकेतल्या सेउताचा किंवा मध्य आशियातला, असं इतर म्हणतात. निकाल काहीही लागो, ठाण्याची बातमी टस्कनीत पोचली होती आणि चित्रकारांना पूर्वेकडची माणसं कशी दिसतात याचं कुतूहल होतं. लोकलने रोज ठाण्यावरून जाणाऱ्याने हे पान वाचून सिएनाला जावं.

हे सगळं आत्ताच का वाचायचं? २६ सप्टेंबर १९९७ च्या पहाटे असिसीला भूकंप झाला. सकाळी नुकसान पाहायला दोन साधू आणि दोन तंत्रज्ञ वरच्या चर्चमध्ये असताना दुसरा धक्का बसला आणि छताचे भाग कोसळले. चौघेही दगावले. चिमाब्वेने रंगवलेला संत मत्तय चुरा होऊन खाली आला. छपराच्या दुरुस्तीतला राडारोडा शतकानुशतकं कमानींच्या पाठीवर साचू दिला होता, त्याचं वजन भोवलं. लाखो तुकडे वेचून, रंगांप्रमाणे निवडून, काही चित्रं पुन्हा जोडली गेली, आणि १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये चर्च उघडलं. जिथे तुकडे सापडले नाहीत तिथे मोकळी जागा ठेवली आहे. फ्लॉरेन्सच्या सान्ता क्रोचेतही हाच निर्णय दिसतो. जॉत्तोच्या चित्रांवर चुना फासून त्यावर थडगी बसवली होती. ती काढल्यावर फ्रान्सिसच्या मृत्यूच्या प्रसंगात त्यांच्या आकाराची भगदाडं उरली. एकोणिसाव्या शतकाने ती रंगवून बुजवली, विसाव्याने तो रंग काढून टाकला. खोट्या हातापेक्षा खरी जखम बरी वाटते, असं पुस्तकाचं मत आहे आणि ते पटण्यासारखं आहे.

पॅरिसच्या नोत्र-दामची १५ एप्रिल २०१९ ची आग साऱ्या जगाने मोबाइलवर पाहिली. धोका मात्र आगीचा आणि भूकंपाचाच नाही. पादुआच्या स्क्रोव्हेन्यी चॅपेलमध्ये, जिथे जॉत्तोने १३०५ च्या सुमारास काम पुरं केलं, माणसांच्या श्वासातल्या दमटपणापासून चित्रं वाचवण्यासाठी मोजक्या लोकांना एका वेळी सोडतात. आधी काचेच्या खोलीत हवा स्थिरावेपर्यंत बसवतात, मग आत पंधरा-वीस मिनिटं मिळतात. एवढ्या वेळात भिंतींवरची सगळी कथा वाचणं शक्य नाही. तयारी करून जाणाऱ्याच्याच पदरात काही पडतं.

पुस्तकाची योजना त्यामुळे चालण्याच्या क्रमाने आहे, शतकांच्या नव्हे. प्रत्येक चर्चचा साधा आराखडा, उभं राहायची जागा, उजेडाची वेळ, आणि एखाद-दुसऱ्या चित्रापाशी लांबलचक मुक्काम. कथा ठाऊक नसतील असं धरून बायबलमधले प्रसंग जागच्या जागी सांगितले आहेत. वसईच्या वाचकाला ते कदाचित जास्तीचे वाटतील, साताऱ्याच्या वाचकाला लागतील. व्यवहाराच्या सूचनाही आहेत: पुष्कळ चर्चेस दुपारी बंद असतात, खांदे झाकलेले हवेत, चॅपेलमधला दिवा नाणं टाकल्याशिवाय लागत नाही आणि मिनिट-दोन मिनिटांत विझतो, म्हणून सुटे युरो खिशात ठेवावेत.

एका ठिकाणी मात्र लेखकाशी भांडावंसं वाटतं. स्पेनमधला कातालोनिया या पुस्तकात नाही. तिथल्या पिरेनीज डोंगरातल्या छोट्या चर्चेसमधली रोमनेस्क चित्रं १९१९ ते १९२३ या काळात भिंतींवरून सोलून बार्सिलोनाच्या संग्रहालयात नेली, कारण दलाल ती अमेरिकेत विकू लागले होते. ताउलच्या सान क्लिमेंत चर्चमध्ये आता मूळ जागी प्रकाशाचा झोत टाकून चित्र दाखवतात, आणि खरं चित्र शहरात आहे. 'चित्र जिथल्या तिथे पाहा' या आग्रहाची खरी परीक्षा इथेच झाली असती. मूळ जागी ठेवलं असतं तर ते कदाचित बॉस्टनमध्ये पाहावं लागलं असतं. संग्रहालयांबद्दल लेखकाची जी नाराजी मधूनमधून डोकावते, ती या उदाहरणाने जरा नरमली असती.

युरोपचा प्रवास ज्यांच्या बेतात नाही, त्यांच्यासाठी पुस्तक शेवटी जुन्या गोव्याला येतं. फ्रान्सिस्कन तिथे १५१७ मध्ये पोचले. असिसीच्या फ्रान्सिसच्या नावाचं आजचं चर्च १६६१ चं, म्हणजे मध्ययुग संपून गेल्यानंतरचं. पण मुख्य वेदीच्या दोन्ही बाजूंना लाकडी फळ्यांवर फ्रान्सिसच्या चरित्रातले प्रसंग रंगवलेले आहेत. असिसीच्या भिंतीवर जी रीत रुजली, ती साडेतीनशे वर्षांनी समुद्र ओलांडून इथवर आली. शेजारच्या मठात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय असल्याने बहुतेक लोक तिकडेच वळतात. फळ्यांवरचे रंग काळवंडले आहेत आणि त्या बऱ्याच उंचावर आहेत. जाताना लहानशी दुर्बीण न्यावी.